न्यानचा नवरा हरवला होता

बाताआन, १२ फेब्रुवारी १९८४

मानांग दोरिंग,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील, म्हणून पत्ता सिंप्लिसिओकडून लिहून घेतला. तो इथला टेलिफोन सांभाळतो. अक्षर बघ कसं मोत्यासारखं आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मी शिकागोला येण्याबद्दल यात काही नाही. त्यावर आपण दोघी बहिणी दोन वर्षांपूर्वी जे बोललो, आणि त्यानंतर जे बोललो नाही, ते तसंच राहू दे. काम दुसऱ्या कुणाचं आहे.

मी अजून त्याच छावणीत शिकवते. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून जीव मुठीत धरून निघालेली माणसं, अमेरिकेनं घेऊ म्हटलेली. विमानात बसण्याआधी काही महिने ती आमच्याकडे इंग्रजी शिकतात. माझ्या वर्गात न्यान म्हणून एक बाई आहे. शिवणकाम करते, तिशीची असेल, जिभेला धार. वी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे तिला.

गेल्या मंगळवारी वर्ग चालू असताना दवाखान्यातली नर्स दारात येऊन उभी राहिली. "न्यान, तपासणीला येत का नाहीस? दुधाचे डबे मात्र बरोबर नेतेस."

मी विचारलं, "कसली तपासणी?"

"अहो टीचर, हिला दिवस गेलेत ना!"

सगळा वर्ग वळून न्यानकडे बघायला लागला. न्यान विधवा आहे असं छावणीत सगळे समजून होते. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू कुणाची प्रेतयात्रा चाललीय.

"कुणी सांगितलं मला दिवस गेले म्हणून?" न्यान उठली.

"तूच! खिडकीपाशी येऊन म्हणालीस, आय ॲम एक्स्पेक्टिंग."

"मग? आहेच मी एक्स्पेक्टिंग! रोज एक्स्पेक्टिंग! माझ्या नवऱ्याला!"

मानांग, चूक तिची नव्हती. मी वर्गात सांगितलं होतं की 'वेट' म्हणजे नुसती वाट बघणं, बस येवो न येवो. आणि 'एक्स्पेक्ट' म्हणजे येणारच अशा खात्रीनं वाट बघणं. तिनं दोन्ही शब्द तोलून दुसरा उचलला. गोरे लोक पोटुशी बाईलाही तोच शब्द लावतात, तो धडा अजून यायचा होता. नर्स म्हणाली, डबे परत कर. न्यान म्हणाली, "वीनं प्यायले. तिलाच घेऊन जा." वर्गात हसण्याचा असा स्फोट झाला की शेजारच्या वर्गातले लोक धावत आले.

मी हसले नाही. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं.

"न्यान, तुझा नवरा कुठून येणार आहे?"

तिनं घडी घालून घालून मऊ झालेलं एक पत्र काढलं. तिच्या दिराचं, हुंगचं. तो तुझ्या शिकागोत राहतो. चार वर्षांपूर्वी ही सगळी एका रात्री निघाली, दोन बोटींतून. न्यान आणि दोन वर्षांची वी पुढच्या बोटीत, नवरा बाओ मागच्या. सकाळी मागची बोट दिसेना. ती किनाऱ्यावरच पकडली गेली होती. बाओ तीन वर्षं तुरुंगात होता. सुटल्यावर पुन्हा पळाला आणि आता मलेशियातल्या एका बेटावरच्या छावणीत आहे. जिवंत आहे, मानांग.

"मग तुझ्या कागदांवर विधवा कसं?"

"कुणाच्या कागदांवर?" ती म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं.

हुंगचा पत्ता सोबत देते. आर्गाइल स्ट्रीटवर, वाण्याच्या दुकानाच्या वर. तू त्या भागातून कामावर जातेस असं कधीतरी लिहिलं होतंस. त्याला एकदा भेट. बाओचा छावणीतला नंबर त्याच्याकडून घे, आणि हा माणूस खरा आहे ना, एवढं बघ. मला बाकी काही नको.

लिब्राडा


बाताआन, ४ मार्च १९८४

मानांग दोरिंग,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा पोचतं असं सिंप्लिसिओ म्हणतो. तो माझी समजूत घालायला म्हणतो, हे मला कळतं. पण माझ्याजवळ रुसवेफुगवे सांभाळायला वेळ नाही. प्रकरण वाईट वळणावर गेलंय.

मी न्यानला घेऊन लिंडग्रेनसाहेबांकडे गेले. ते अमेरिकनांचे इथले अधिकारी, आठवड्यातून एकदा मनिलाहून येतात. उंच, खांदे पडलेले, उन्हानं नाकाची सालं निघालेली. माणूस वाईट नाही. आधी वीला खुर्ची दिली, मग आम्हाला.

"बाई, बोटीतून उतरल्यावर पलावानच्या पहिल्या छावणीत तुमची मुलाखत झाली तेव्हा दुभाषी नको म्हणालात?"

"माझं इंग्रजी चांगलं आहे," न्यान ताठ बसून म्हणाली.

"नवऱ्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आय लॉस्ट माय हजबंड."

"हो. आय लॉस्ट. समुद्रात. रात्री."

साहेब माझ्याकडे वळले. "टीचर, तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो?"

काय सांगणार होते मी? त्याचा अर्थ तोच होतो. किल्ली 'लॉस्ट' म्हणजे हरवली, छत्री 'लॉस्ट' म्हणजे हरवली, आणि नवरा 'लॉस्ट' म्हणजे देवाघरी गेला. जो माणूस सापडत नाही, ज्याचं काय झालं हे कुणालाच माहीत नाही, त्याला 'मिसिंग' म्हणायचं. पण न्यानला पलावानच्या उन्हात हे कोण शिकवणार होतं? तिच्या भाषेतही हरवणं आणि मरणं यांना एकच शब्द चालतो म्हणे. दुभाषी असता तरी तोही तिथंच ठेचकाळला असता.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बायकोबरोबर बाजारात गेलात आणि गर्दीत ती दिसेनाशी झाली, तर काय म्हणाल?"

त्यांनी विचार केला. "आय लॉस्ट माय वाइफ, असंच म्हणेन. पण हसत म्हणेन."

"ही हसत नव्हती, म्हणून विधवा झाली का?"

ते म्हणाले, "टीचर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझा विश्वास मला फायलीत लावता येत नाही."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. तिकडे बेटावर बाओनं खरं तेच सांगितलं, की मला बायको आहे, मुलगी आहे, त्यांना अमेरिकेनं घेतलंय. तिथल्या लोकांनी शोधलं तर ती बाई विधवा निघाली. म्हणजे हा लबाड. त्याचं नाव बाजूला काढून ठेवलं. आता ही उठून म्हणते नवरा जिवंत आहे, म्हणजे हीसुद्धा लबाड. अमेरिकेला जायचं म्हणून खोटी नाती जोडणारे इथं निघतात, नाही असं नाही, आणि मनिलातल्या लोकांना आता सगळेच तसे दिसतात.

न्यान सगळं ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं. "मी त्याला मारलं का, टीचर? एका शब्दानं?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!"

साहेबांना बाहेरच्या माणसाचा पुरावा हवाय. हुंगनं वकिलासमोर शपथेवर सांगावं की बाओ माझा सख्खा भाऊ, न्यान त्याची बायको, आणि ती पलावानहून मला सारखी विचारत होती, 'बाओचा पत्ता लागला का?' नवरा मेला असं समजणारी बाई त्याचा पत्ता विचारत नाही. लग्नाचा फोटोही हुंगकडेच आहे. मी त्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, न्याननं वाचून दाखवलं. तो म्हणतो, मी कुठल्याही कचेरीत जाणार नाही, तिथं एक शब्द चुकला तर मलाही परत पाठवतील. आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू की तसं होत नाही?

म्हणून पुन्हा तुझ्या दारात उभी आहे. न्यानचं विमान ईस्टरच्या आठवड्यात आहे. ती विधवा म्हणून त्यात चढली, तर तिच्याच सहीनं बाओ मेला.

रागाव माझ्यावर, हवं तेवढं. पण त्या जिन्यावर चढ.

लिब्राडा


बाताआन, १८ एप्रिल १९८४

मानांग,

आज न्यानचं विमान गेलं. ती गेली नाही.

इथं कर्ण्यावरून पुकारतात, तुला माहीत नसेल. सकाळी अख्ख्या छावणीला ऐकू जाईल असं नाव पुकारतात. पुकारणाऱ्याला व्हिएतनामी उच्चार जमत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नावावर चार माणसं उठतात. मग बसगाड्या लागतात. लाल धूळ, पत्र्याच्या पेट्या, गळ्यात पडून रडणं. मागं राहणारे बसच्या खिडक्यांना धरून चालत राहतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकतो.

न्याननं काल रात्रीपर्यंत सामान बांधलेलं होतं. हुंगकडून काही नाही, तुझ्याकडून काही नाही. मीच तिला म्हटलं होतं, "तू जा. तिथं पोचल्यावर तिथून प्रयत्न करू. इथं थांबलीस तर तुझं नाव शेवटाला जाईल, ज्या गावच्या चर्चनं तुला घ्यायचं कबूल केलंय तेही हात झटकतील."

ती म्हणाली, "बरोबर आहे, टीचर."

आज तिचं नाव पुकारलं. ती बसपाशी आली. नव्या शिवलेल्या निळ्या ब्लाउजमध्ये, वीच्या केसांना रिबीन. बसच्या पायरीवर पाय ठेवला. दारात उभा असलेला कारकून म्हणाला, "सही कर."

"काय लिहिलंय?"

"तुझं नाव. विडो. मुलगी एक."

तिनं पाय मागे घेतला.

"अगं, नुसती सही आहे!" कारकून वैतागला. "गाडी खोळंबलीय."

"नुसती नाही," ती म्हणाली. "मी एकदा न समजता बोलले. आता समजून कशी लिहू?"

आणि वीचा हात धरून, पेटी डोक्यावर घेऊन, ती आपल्या खोलीकडे चालायला लागली. मी मागं धावले. वाटेत सिंप्लिसिओ टेलिफोनच्या खोलीतून बाहेर आला, त्यानं तिच्या डोक्यावरची पेटी उतरवून घेतली. बस निघून गेली. कुणीतरी खिडकीतून ओरडलं, मला वाटतं 'वेडी' असं काहीतरी असावं.

दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती कुणाच्या तरी पँटचा काठ दुमडत बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "टीचर, एक विचारू? त्या दिवशी साहेबांनी सांगितलं, नवरा 'मिसिंग' म्हणायला हवं होतं. आणि तुम्ही गाण्याच्या तासाला शिकवलं, आय मिस यू. दोन्ही एकच का?"

मी म्हटलं, नाही. 'मिसिंग' म्हणजे बेपत्ता. आणि 'आय मिस यू' म्हणजे तुझ्यावाचून मला करमत नाही.

"पण शब्द तर एकच."

"शब्द एकच. एकात तो कुठं आहे ते माहीत नसतं. दुसऱ्यात माहीत असतं, पण तो इथं नसतो."

तिनं दातानं दोरा तोडला. "म्हणजे आता माझा नवरा मिसिंग नाही. आता मी त्याला मिस करते."

"हो."

"बढती झाली," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वी झोपेतून उठली.

मग तिनं मला विचारलं, "आणि तुमची ताई? शिकागोवाली. ती मिसिंग आहे की तुम्ही तिला मिस करता?"

मी विषय बदलला. पण इथं बदलणार नाही. तू कुठं आहेस ते मला नीट माहीत आहे, मानांग. घराचा नंबरसुद्धा पाठ आहे.

उद्या गावी कांदोनला नानांगकडे जातेय, आठवडाभर सुट्टी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत ठणठणीत. आईचं काळीज, दर जेवणाला तुझं नाव काढते आणि मग माझ्याकडे बघून गप्प बसते. सिंप्लिसिओ बसस्टँडपर्यंत सोडायला येणार आहे.

लिब्राडा


बाताआन, २० मे १९८४

माझी मानांग,

तुझं पत्र मिळालं. पण त्याआधी तू इथं जो धुमाकूळ घातलास त्याची बातमी मिळाली, ती आधी सांगते.

गुरुवारी लिंडग्रेनसाहेब आले ते थेट माझ्या वर्गात. शिपायाला न पाठवता स्वतः. म्हणाले, "टीचर, शिकागोला कुणी नर्स तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

माझ्या हातातला खडू पडला.

"या बाईंनी मनिलाच्या कचेरीत फोन केला. आमच्या मुख्य साहेबांना. ते मीटिंगमध्ये आहेत सांगितलं तर म्हणाल्या, मी धरून ठेवते. खरंच धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी घाबरून फाइल मागवली. आता कागदही आलेत, वकिलाच्या शिक्क्यासकट. कोण आहेत या?"

मी म्हटलं, "माझी मानांग."

"ते आलं लक्षात," साहेब म्हणाले. "तुम्हीसुद्धा बाजारातल्या बायकोचं उदाहरण दिलं होतंत."

न्यान पहिल्या बाकावर होती. तिला सगळं कळलं नाही, पण 'कागद आलेत' एवढं कळलं. ती उठली, साहेबांसमोर आली आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "सर, आय ॲम नॉट प्रेग्नंट." वर्ग पुन्हा कोसळला. साहेबांना काहीच उमजेना, ते बिचारे म्हणाले, "थँक यू फॉर टेलिंग मी."

तुझं पत्र मी नंतर वाचलं, टेलिफोनच्या खोलीत बसून, कारण तिथं पंखा आहे. पहिल्यांदा जिना चढलीस तेव्हा हुंगनं तुझा पांढरा गणवेश बघितला आणि तुला सरकारी बाई समजून मागच्या जिन्यानं पळाला! दुसऱ्यांदा तू चप्पल घालून, भाजीची पिशवी घेऊन गेलीस. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं तुला जेवायला बसवलं. आणि मग तू त्याचा दंड धरून वकिलाकडे नेलंस, आणि 'मी नर्स आहे, काही झालं तर मी इथंच आहे' म्हणालीस. हे सगळं तू अशा सुरात लिहिलंयस जणू मंडईत जाऊन आलीस. आणि मी मात्र इतके आठवडे तुला दगड समजत होते. तू माझं पहिलं पत्र मिळालं त्याच रविवारी तिथं गेली होतीस. उत्तर का नाही लिहिलंस, तर म्हणे, 'काम झाल्याशिवाय काय लिहायचं?' अगदी बाबांचं बोलणं!

पण त्यानंतरचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू इंग्रजीत लिहिलंयस, फक्त धाकट्या बहिणीला मारायची 'आदिंग' ही हाक तेवढी आपल्या भाषेत. मला तू इथं 'नीड' नव्हतीस, आदिंग, मला तू 'वॉन्ट' होतीस.

वर्गात हा फरक समजावताना मी भात आणि आइसक्रीमचं उदाहरण देते. भात लागतो, आइसक्रीम हवं असतं. तू मला तिकडे बोलावलंस तेव्हा मला वाटलं होतं की तुला घर सांभाळायला, तुझ्या रात्रपाळ्यांत तुझी मुलं बघायला कुणीतरी लागतंय, आणि तू ते माझ्या भल्याच्या नावाखाली सांगतेयस. मुलं सांभाळायला कुणीही मिळतं, असं मी फटकन म्हणाले आणि तू फोन ठेवलास. तुला बोलायला कुणीतरी हवं होतं, कणीस खाताना दात कसे दुखतात यावर हसायला, आपल्या भाषेत भांडायला. आपण दोघी इतकं इंग्रजी शिकून बसलो आणि एवढं साधं एकमेकींना सांगता आलं नाही. आइसक्रीम व्हायला मला फार आवडलं, मानांग. भात असते तर कदाचित नाइलाजानं आले असते.

पण मी येणार नाही. हे रागानं नाही सांगत. मला हे काम आवडतं, हा लाल धुळीचा डोंगर आवडतो. तू ये. डिसेंबरात ये, मुलांना घेऊन.

आणि पत्राच्या तळाशी तू जे विचारलंयस, की हा सिंप्लिसिओ कोण आणि प्रत्येक पत्रात तो काय करतोय. सांगितलं ना, टेलिफोन सांभाळतो. विधुर आहे. डाव्या कानानं कमी ऐकतो, टेलिफोनवाल्याला हे शोभत नाही म्हणून कुणाला सांगत नाही. एक बकरी आहे. तुझ्या फोनांनंतर मनिलानं केलेली विचारणा त्याच्याच तारेवरून इथं पोचली, आणि तेव्हापासून तो तुला जरा घाबरून आहे. म्हणतो, "तुझ्या ताईची परवानगी काढायची तर पत्रानंच काढू."

तर काढतेय.

तुझी,
लिब्राडा


बाताआन, २ सप्टेंबर १९८४

माझी मानांग,

तुझी परवानगी मिळाली, आणि बरोबर एक भलामोठा टॉवेलही. सिंप्लिसिओ म्हणतो, एवढ्यात बकरीसुद्धा मावेल. लग्न जानेवारीत, तू आल्यावर. पण ते राहू दे. काल बाओ आला.

तुला सगळं सांगायचं वचन मी न्यानला दिलंय. ती म्हणते, "तुमच्या ताईला आधी कळू दे, मग हुंगला."

मलेशियाहून आलेल्या लोकांना मनिलाच्या विमानतळावरून बसनं आणतात. वादळामुळे घाटात दरड पडली होती, म्हणून दुपारची बस संध्याकाळवर गेली. न्यान सकाळपासून उभी होती. 'खाली बस' असं मी म्हटलं की बसायची आणि लगेच उठायची. निळा ब्लाउज घातला होता. छावणीतल्या निम्म्या बायका काही ना काही निमित्त काढून तिथं रेंगाळत होत्या, कुणाची कळशी भरत नव्हती, कुणाचं पोर सापडत नव्हतं. लिंडग्रेनसाहेबही होते. त्यांचा वार नसताना आले होते.

बस आली. चिखलानं माखलेली. माणसं उतरायला लागली आणि न्यान एकेकाकडे बघून मान हलवायला लागली. हा नाही. हा नाही. एक वाळका, टक्कल पडत चाललेला माणूस उतरला, पुढचे दात नाहीत, हातात दोरीनं बांधलेली पिशवी. तिनं त्याच्याकडे बघूनही मान हलवली. हा नाही. आणि तिची नजर पुढच्याकडे गेली.

तो तिथंच उभा राहिला. नुसता बघत राहिला.

मग तिची मान हलायची थांबली.

मला वाटलं धावेल, किंचाळेल. ती चालत त्याच्यासमोर गेली. हात पुढं केला, मी वर्गात शिकवला तसा ताठ, आणि स्पष्ट मोठ्या आवाजात म्हणाली, "हाऊ डू यू डू?"

इतके महिने फक्त इंग्रजीचा सराव केलेली बाई, मानांग. तोंडात जे पहिलं होतं ते बाहेर पडलं.

तो बिचारा गोंधळला. मागं वळून बघितलं, की आणखी कुणाशी बोलतेय का. मग त्यानं तिला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. न्याननं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, "तू माझीच न्यान ना? की तुझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणी पाठवलीय?"

त्यावर तिनं जे सुरू केलं ते थांबेचना. रडणं नव्हे, बोलणं. भांडणच म्हण. इतके दात कुठं घालवलेस, ही पिशवी कसली, बोट मागं का राहिली, बनियन कुणाचं घातलंयस. तो फक्त मान डोलवत होता आणि डोळे पुसत होता. आजूबाजूला कुणाचेही डोळे कोरडे नव्हते. लिंडग्रेनसाहेब चष्मा पुसायला बसच्या मागं गेले.

वी माझा हात धरून उभी होती. तिला कुणी काही सांगितलंच नाही, सगळे आपापल्या रडण्यात. शेवटी न्याननं तिला जवळ ओढलं. बाओ खाली चिखलात गुडघे टेकून बसला, पण हात लावायचं धाडस त्याला होईना. वीनं त्याला नीट न्याहाळलं. दात, टक्कल, पिशवी. मग आईला विचारलं, "हा आपल्याकडे जेवणार?"

"हो," न्यान म्हणाली.

"आज?"

"रोज."

तुझी,
लिब्राडा